सॉक्रेटिस आणि नागरिकाचें आज्ञापालन

राज्य राजाचें असतें तेव्हां त्याची आज्ञा कां पाळावयाची, या प्रश्नाचें उत्तर आमच्या पूर्वजांजवळ तयार होतें. राजा हा देवाचा अंश आणि त्याच्या हातीं दंड. श्रद्धाळू मनुष्य पहिल्या कारणानें नमत असे व अश्रद्ध दुसऱ्या कारणानें. परंतु राज्य लोकांचें झालें म्हणजे हीं दोन्ही उत्तरें लंगडीं पडतात. राज्यकर्ता हा आमच्याच मतानें निवडलेला, आमच्याइतकाच चुकणारा मनुष्य असतो. आणि दंडाचें भय हें शहाणपणाचें कारण असेल, पण तें कर्तव्याचें कारण होऊं शकत नाहीं. मग लोकसत्ताक राज्याची एखादी आज्ञा नागरिकास अन्यायाची वाटली तर त्यानें काय करावें? कोणी म्हणतात, बहुमतानें ठरलें तें निमूटपणें मानावें, कारण तें आपलेंच आहे. दुसरे म्हणतात, राज्यच आमचें. तेव्हां पटेल तो कायदा पाळूं व न पटेल तो मोडूं.

मौजेची गोष्ट ही कीं, हे दोन्ही पक्ष आपल्या समर्थनार्थ एकाच पुरुषाचें नांव घेतात. तो पुरुष म्हणजे अथेन्सचा सॉक्रेटिस. पहिल्या पक्षाला तुरुंगांतून पळून जाण्याचें नाकारणारा सॉक्रेटिस प्रिय आहे. दुसऱ्याला पंचांसमोर उभा राहून त्यांची अट झुगारणारा. एकाच मनुष्यानें अवघ्या महिन्याभरांत परस्परविरुद्ध अशीं दोन मतें प्रतिपादिलीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पण हें कोडें सुटण्यास केवळ त्याचा खटला पाहून भागत नाहीं. त्याच्या आधींचे दोन प्रसंगहि पाहिले पाहिजेत, आणि ज्या राज्यांत ते घडले त्या राज्याची रचनाहि थोडी ध्यानांत घेतली पाहिजे.

इ. स. पूर्वी पांचव्या शतकांतील अथेन्सचे लोक प्रतिनिधि निवडून घरीं स्वस्थ बसत नसत. प्निक्स नांवाच्या टेकडीवर सभा भरे, तेथें नागरिक स्वतः येत आणि तह, लढाई, कायदे या सर्वांविषयीं हात वर करून मत देत. कांहीं महत्त्वाच्या ठरावांस ६,००० नागरिकांची उपस्थिति लागे. सभेपुढील कामाची तयारी करण्यास ५०० जणांचें मंडळ असे. दहा जमातींतून प्रत्येकीं ५० याप्रमाणें ते चिठ्ठ्या टाकून निवडीत. प्रत्येक जमातीचे हे ५० सभासद वर्षाच्या एका दशांशापुरते कारभारी होत आणि त्यांच्यापैकीं एक जण, तोहि चिठ्ठीनेंच, एका दिवसापुरता अध्यक्ष होई. न्यायदानाचें कामहि नागरिकांचेंच होतें. दरसाल तीस वर्षांवरील ६,००० नागरिकांची यादी होई व तींतून खटल्याच्या महत्त्वाप्रमाणें शेंकडों पंच बसत. त्यांच्या निकालावर अपील नसे. सारांश, या राज्यांत नागरिक एका दिवशीं आज्ञा करणारा असे व दुसऱ्या दिवशीं ती पाळणारा. तरुण नागरिक शस्त्र हातीं घेतांना देशाचे कायदे पाळण्याची शपथ घेत असत. अर्थात् स्त्रिया, गुलाम व परदेशांतून येऊन राहिलेले लोक या सर्व व्यवस्थेच्या बाहेर होते. ही गोष्ट लहान नाहीं, व तिच्याकडे आम्हांस पुढें वळावयाचें आहे.

पहिला प्रसंग इ. स. पूर्वी ४०६ मधला. स्पार्टाशीं चाललेलें दीर्घ युद्ध शेवटाकडे आलें होतें. आर्जिन्युसी बेटांजवळच्या आरमारी लढाईंत अथेन्सनें मोठा विजय मिळविला. परंतु त्यांचीं २५ जहाजें गेलीं, आणि वादळ उठल्यामुळें पाण्यांत पडलेल्या खलाशांना वांचवितां आलें नाहीं. विजयाचा आनंद ओसरतांच शोकाची लाट आली व शोकाचा लवकरच संताप झाला. लढाईवर असलेल्या आठ सेनापतींपैकीं दोघे परतलेच नाहींत; सहा जण परत आले व सभेपुढें आरोपी म्हणून उभे राहिले. त्यांत पेरिक्लीझचा त्याच नांवाचा मुलगाहि होता. कॅलिक्सेनस नांवाच्या एका सभासदाच्या सूचनेवरून असा ठराव पुढें आला कीं, प्रत्येकाची वेगळी चौकशी न करितां सर्वांचा निकाल एकाच मतदानानें लावावा.

हा ठराव बेकायदेशीर होता. प्रत्येक आरोपीची चौकशी स्वतंत्र झाली पाहिजे, असा तेथील नियम होता. आणि बेकायदेशीर ठराव आणणाऱ्यावर खटला भरण्याची सोयहि त्याच राज्यानें करून ठेविली होती. युरिप्टोलेमस नांवाच्या नागरिकानें या सोयीचा आश्रय घेतला. तेव्हां गर्दींतून ओरड झाली कीं, लोकांना त्यांच्या मनास येईल तें करूं न देणें म्हणजे अनर्थ आहे. अडथळा आणणाऱ्यांचाहि निकाल सेनापतींबरोबरच लावावा, अशी धमकी निघाली. युरिप्टोलेमसनें आक्षेप मागें घेतला. कारभारी मंडळांतील कांहीं जण प्रथम मतदान घेण्यास तयार नव्हते. त्यांनाहि तीच भीति घालतांच तेहि नमले. एकटा सॉक्रेटिस नमला नाहीं. त्या वेळीं त्याच्या जमातीची कारभाराची पाळी होती. त्या दिवशींचें अध्यक्षपदच त्याच्याकडे होतें, असेंहि झेनोफननें एका ठिकाणीं लिहिलें आहे. कायद्याविरुद्ध आपण कांहींहि करणार नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. त्याच्या एकट्याच्या विरोधानें काम थांबलें नाहीं. मतदान झालें व सहाहि सेनापतींस देहान्त शिक्षा झाली. पुढें अथेन्सच्या लोकांस पश्चात्ताप झाला व लोकांस फसविणाऱ्यांवर खटले भरण्याचें ठरलें. परंतु मेलेले सेनापति परत येणार नव्हते.

या प्रसंगीं सॉक्रेटिसानें कोणाची आज्ञा मोडली? लोकांची; निदान त्या दिवशीं टेकडीवर जमलेल्या लोकांची. आणि कोणाची पाळली? त्याच लोकांनीं शांत चित्तानें पूर्वीं केलेल्या कायद्याची. लोकसत्तेंत ‘लोक’ हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. एक लोक म्हणजे आज, आत्तां, संतापलेला किंवा हर्षभरित समुदाय. आणि दुसरे लोक म्हणजे ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या विचार करून आपल्याच हातांस बांधणारे नियम केले ते. या दोहोंत विरोध आला तर नागरिकाची निष्ठा दुसऱ्यांशीं असली पाहिजे. जी सत्ता स्वतःचाच कायदा पाळीत नाहीं, तिनें नागरिकाकडून आज्ञापालनाची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

दुसरा प्रसंग दोनच वर्षांनंतरचा. इ. स. पूर्वी ४०४ मध्यें अथेन्स शरण गेलें, आणि स्पार्टाच्या आश्रयानें तीस जणांच्या टोळीनें राज्य बळकाविलें. त्यांचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळीं सॉक्रेटिसाच्या सहवासांत असलेला मनुष्य होता. थोड्याच महिन्यांच्या अमदानींत त्यांनीं १,५०० हून कमी लोक मारले नाहींत, असें ॲरिस्टॉटलच्या नांवावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथांत नमूद आहे. आपल्या पापांत जितके अधिक लोक गोवतां येतील तितके गोवावे, हें त्यांचें धोरण असे. एके दिवशीं त्यांनीं सॉक्रेटिसास व आणखी चौघांस बोलावून सलामिस बेटावरून लिऑन नांवाच्या गृहस्थास मारण्याकरितां धरून आणण्यास फर्माविलें. चौघे सलामिसला गेले. सॉक्रेटिस सरळ आपल्या घरीं गेला. त्यानें दंगा केला नाहीं, कट केला नाहीं, लपूनहि बसला नाहीं. पुढें लवकरच तीसांची सत्ता उलथली, नाहीं तर या घरीं जाण्याची किंमत त्याला प्राणानेंच द्यावी लागली असती.

हे दोन प्रसंग शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. हुकूम हजारोंच्या सभेचा असो वा तीसांच्या टोळीचा, आपल्या हातून अन्याय करविणारा हुकूम पाळावयाचा नाहीं, हा त्याचा निश्चय दोन्हीकडे सारखाच आहे. लोकसत्ता आहे म्हणून पापांत सामील होण्यास हरकत नाहीं, असें तो मानीत नाहीं.

इ. स. पूर्वी ४०३ मध्यें लोकसत्ता पुन्हा स्थापन झाली. या वेळीं अथेन्सनें दाखविलेला विवेक खरोखर वाखाणण्यासारखा आहे. मागील अपराधांचा सूड न घेण्याची सर्वांनीं शपथ घेतली; तीस व त्यांचे कांहीं अधिकारी एवढेच तींतून वगळले. दुसरें असें कीं, सभेचा ठराव आणि राज्याचा कायदा यांत भेद करून, कोणताहि ठराव कायद्याहून वरचढ होणार नाहीं, असा निर्बंध घातला. आर्जिन्युसीच्या प्रसंगीं एकट्या सॉक्रेटिसानें जें धरून ठेविलें होतें, तेंच आतां राज्यानें आपलें तत्त्व म्हणून स्वीकारलें. आणि त्याच राज्यानें चार वर्षांनीं त्याला विष दिलें, ही या इतिहासांतील अत्यंत कटु गोष्ट होय.

इ. स. पूर्वी ३९९ मधल्या या खटल्याची हकीकत सुशिक्षित वाचकांस ठाऊक आहे. ती येथें थोडक्यांत सांगतों. मेलेटस, अनायटस व लायकन या तिघांनीं सत्तर वर्षांच्या या म्हाताऱ्यावर, नगराचे देव न मानल्याचा, नवीं दैवतें आणल्याचा व तरुणांस बिघडविल्याचा आरोप ठेविला. सुमारें ५०० पंचांपुढें एका दिवसांत काम आटोपलें. प्लेटोच्या सांगण्याप्रमाणें अवघीं ३० मतें इकडचीं तिकडे झालीं असतीं तर तो सुटला असता. गप्प बसण्याच्या अटीवर सोडलें तरी आपण तत्त्वशोध सोडणार नाहीं, कारण ती ईश्वराची आज्ञा आहे व ती तुमच्या आज्ञेहून थोर आहे, असें त्यानें पंचांस बजाविलें. शिक्षा सुचविण्याचा हक्क आरोपीसहि असे. हद्दपारी मागितली असती तर ती बहुधा मिळाली असती. पण त्यानें ती मागितली नाहीं. देहान्त शिक्षा ठरली.

डेलॉसला गेलेलें पवित्र जहाज परत येईपर्यंत नगरांत कोणास मारीत नसत. त्यामुळें शिक्षा महिनाभर लांबली. या मुदतींत त्याचा जुना मित्र क्रिटो एके दिवशीं पहाटेपूर्वीं तुरुंगांत आला. पैशाची तजवीज झाली होती, थेसलींत आश्रय देणारे स्नेही होते. फक्त होकार पाहिजे होता. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादांत सॉक्रेटिस कायद्यांनाच माणसाप्रमाणें बोलतें करितो. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा: आमच्या आधारानें तुझ्या आईबापांचें लग्न झालें, तुझें पालनपोषण व शिक्षण झालें. वयांत आल्यावर, आम्ही पसंत नसलों तर चीजवस्त घेऊन कोठेंहि जाण्याची तुला मोकळीक होती. तूं गेला नाहींस. लढाईवर जाण्याखेरीज तूं नगर क्वचितच सोडलेंस. हा तुझ्या वागण्यानें झालेला करारच होय. आम्ही चुकत असूं तर आम्हांस पटवून दे, नाहीं तर आमचें ऐक. दोन्ही न करितां पळून जाणें हा आमचा नाश आहे. कारण न्यायालयानें दिलेला निकाल एखाद्या व्यक्तीनें आपल्या मर्जीनें रद्द करावा, अशी रीत पडली तर नगर उभें कसें राहणार? तुझ्यावर अन्याय झाला असेल, पण तो माणसांनीं केला, आम्हीं नव्हे.

आतां पहिल्या कोड्याकडे वळूं. अन्याय करणें व अन्याय सोसणें यांतील भेद हीच त्याची किल्ली आहे. सेनापतींचा बेकायदेशीर निकाल लावणें, निरपराधी लिऑनला धरून आणणें, सत्याचा शोध बंद करणें, या तिन्ही गोष्टी सॉक्रेटिसास ‘कर’ म्हणून सांगितल्या होत्या. त्या त्यानें केल्या नाहींत. विष पिणें ही त्याला ‘सोस’ म्हणून सांगितलेली गोष्ट होती. ती सांगणारें न्यायालय कायद्यानें बसलेलें होतें, त्याची पद्धति त्यानें आयुष्यभर मान्य केली होती आणि त्याच्यापुढें बोलण्याची संधि त्याला मिळाली होती. म्हणून ती त्यानें सोसली. नाकारावयाचें तें उघडपणें, आणि नाकारण्याचें जें फळ येईल तें कायद्याच्या हातून निमूटपणें घ्यावयाचें, अशी ही एकच भूमिका आहे. तींत आज्ञाभंग आहे, पण कायद्याचा अवमान नाहीं.

तथापि या युक्तिवादांत एक उणीव आहे व ती झांकून ठेवणें बरें नव्हे. कराराची भाषा ज्याला करार करतां येतो त्यालाच लागू पडते. लॉरियमच्या चांदीच्या खाणींत राबणाऱ्या गुलामास चीजवस्त घेऊन कोठें जाण्याची मोकळीक होती? अथेन्सच्या स्त्रीनें प्निक्सच्या टेकडीवर जाऊन कोणास पटवून द्यावयाचें होतें? ‘पटवून दे, नाहीं तर ऐक’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग ज्यांस नाकारला आहे, त्यांच्यावर दुसऱ्या अर्ध्याचा बोजा तितक्याच जोरानें टाकतां येत नाहीं. आणि खुद्द सॉक्रेटिसाच्या बाबतींत तरी काय झालें? पटवून देणें हाच ज्याचा व्यवसाय, त्यालाच मारून नगरानें तो दरवाजा आपल्या हातानें लावून घेतला. आज्ञापालन मागणाऱ्या राज्याचें पहिलें कर्तव्य हा दरवाजा उघडा ठेवण्याचें असतें.

हा विचार आमच्या देशांतहि नवा नाहीं. प्लेटोनें लिहिलेल्या सॉक्रेटिसाच्या बचावाच्या भाषणाचा सारांश गांधीजींनीं १९०८ सालीं दक्षिण आफ्रिकेंत ‘इंडियन ओपिनियन’ पत्रांत गुजराथींत प्रसिद्ध केला. १९१० सालीं मुंबई सरकारनें ती पुस्तिका जप्त केली. ज्या प्रजेस मत देण्याचाच अधिकार नव्हता तिला कराराची आठवण करून देण्यास त्या सरकारास तोंड नव्हतें; म्हणून त्यानें भाषण वाचण्यावरच बंदी घातली.

याहूनहि आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो तो महाडचा इतिहास. मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं बोले यांचा ठराव संमत केला होता, आणि १९२४ मध्यें महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुलें केल्याचें जाहीर केलें होतें. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां कायदा त्यांच्या बाजूला होता व मारहाण करणारे कायद्याच्या विरुद्ध होते. डिसेंबरांत पुन्हा परिषद भरली. हजारों लोक सत्याग्रहास सिद्ध होऊन आले असतां, तळें खाजगी असल्याच्या सबबीवर विरोधकांनीं दिवाणी कोर्टाची तात्पुरती मनाई मिळविली. डॉ. आंबेडकरांनीं खवळलेल्या लोकांची समजूत घातली. मिरवणूक तळ्यास वळसा घालून पाण्याला हात न लावतां परत फिरली. खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि १९३७ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें झाला. ज्यांस त्या समाजानें घोटभर पाणी नाकारलें होतें, त्यांनीं त्याच समाजाच्या न्यायालयाचा मान राखून दहा वर्षें वाट पाहिली! आज्ञापालनाचे धडे देऊं पाहणाऱ्या सुखवस्तु वर्गानें हा इतिहास पुनःपुन्हा वाचावा.

म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत डॉ. आंबेडकरांनीं जें सांगितलें त्यास विशेष वजन आहे. सनदशीर मार्ग बंद होते तोंवर कायदेभंगादि उपायांचें समर्थन करतां येत होतें. ते मार्ग खुले झाल्यावर तें करतां येणार नाहीं, हें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य. पण हें वाक्य वेगळें काढून मिरविणारे त्याच भाषणांतील दुसरा इशारा विसरतात. राजकारणांत एक माणूस एक मत, आणि सामाजिक व आर्थिक जीवनांत मात्र विषमता, ही विसंगति लवकर दूर केली नाहीं, तर तिच्यानें पिडलेले लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असेंहि त्यांनीं बजाविलें होतें. नागरिकाचें कर्तव्य आणि राज्याचें कर्तव्य त्यांनीं एकाच श्वासांत सांगितलें. आम्ही त्यांतील सोईचें तेवढेंच उचलूं नये.

तेव्हां लोकसत्तेच्या आज्ञेपुढें उभ्या राहिलेल्या नागरिकानें आपल्या मनास तीन प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. मला सांगितलें आहे तें दुसऱ्यावर अन्याय करण्यास, कीं माझें कांहीं नुकसान सोसण्यास? कायदा बदलण्याकरितां बोलण्याचा, लिहिण्याचा, मत देण्याचा, न्यायालयांत जाण्याचा मार्ग मीं खरोखर चोखाळला आहे काय? आणि मी नाकारणार तें दिवसाढवळ्या, आपल्या नांवानें व परिणाम पत्करून, कीं अंधारांत? ही कसोटी लावली म्हणजे पुष्कळ शूरत्वाचे मुखवटे गळून पडतील. कर चुकविणारा, लांच देऊन परवाना मिळविणारा, जमावांत तोंड लपवून दगड मारणारा मनुष्य कायदा मोडतो; पण त्याची वाट पहाटेच्या अंधारांत तुरुंगाबाहेर नेणारी, क्रिटोनें दाखविलेली वाट आहे. क्रिटोनें ती निदान मित्रप्रेमानें दाखविली होती.

राज्यकर्त्यांसहि हा इतिहास कांहीं सांगतो. नागरिकांनीं आज्ञा पाळावी अशी इच्छा असेल तर आज्ञा करणाऱ्यानें आधीं कायदा पाळावा, आणि विरुद्ध बोलणाऱ्यास बोलूं द्यावें. आर्जिन्युसीच्या सभेंत ज्या एका माणसानें नकार दिला, तोच त्या दिवशीं अथेन्सचा खरा आज्ञाधारक नागरिक होता. हें ओळखण्यास अथेन्सला फार उशीर लागला.